पाठमोरे प्रेक्षक

रतिलालनं सकाळचा चहा बशीत ओतला आणि फुंकर घालणार तोच ओट्यावर खुंट्यांचा भारा येऊन आदळला. चहा धोतरावर सांडला. ज्या खुंट्या काल संध्याकाळी त्यानं स्वतः घण मारून ठोकल्या होत्या, त्याच ह्या. आणि त्या उपटून आणणारी बाई त्याची आईच होती, त्यामुळे ओरडायचं कोणावर हाही प्रश्नच होता.

"माय, ह्या कोठेन लई उनी तू?"

"मना बांधवरन्या शेत. कोनी ठोक्यात?" द्रौपदाबाईंनी पदरानं हात पुसत विचारलं.

"मी ठोक्यात. लोकेसना जीव वाचाडाले ठोक्यात."

"लोकेसना जीव वाचाडाले मना बांध कायले मारस?"

रतिलाल लोणवडीच्या यात्रा कमिटीचा सुरक्षा प्रमुख होता. असलं पद गावात पूर्वी कधी नव्हतं, कारण त्याची गरज पडली नव्हती. चैत्रातल्या यात्रेला दरसाल बैलगाड्या पळायच्या. समोर माणूस दिसला की बैल कड घेतो आणि बैल दिसला की माणूसही कड घेतो, एवढ्यावर पिढ्या निभावल्या होत्या. पण यंदा सरपंच यादव आबांनी नवी जीप घेतली. ती त्यांनी चोपड्याला नेऊन दाखवली, अमळनेरला नेऊन दाखवली, तरी हौस फिटेना. त्यातच एका रविवारी त्यांच्या घरच्या टीव्हीवर परदेशातल्या मोटारींची शर्यत लागली आणि आबांनी मांडीवर थाप मारली, "बैलं पुरे झाले. यंदा मोटारी पळवू!"

चोपड्याची एक टॅक्सी तयार झाली, अमळनेरच्या कापड दुकानदाराची फियाट तयार झाली आणि आबांची जीप तर तयारच होती. केळी कापून मोकळं झालेलं आबांचं वावर शर्यतीला ठरलं. परवानगीसाठी रतिलाल फौजदारांकडे गेला. फौजदार नवे, तरुण आणि नियमाचे होते.

"गाडी वळणावर सुटली की ती माणूस बघत नाही," ते म्हणाले. "प्रेक्षक सगळे कुंपणात पाहिजेत. कुंपणाबाहेर एकही प्रेक्षक दिसला तर शर्यत बंद, आणि सुरक्षा प्रमुख माझ्या गाडीत."

रतिलालनं छाती ठोकून हो म्हटलं. त्याच्या बायकोनं ब्लाउजपीस फाडून त्याला दंडावर बांधायची लाल पट्टी शिवून दिली. त्यानं गावभरच्या मळ्यांतून कापलेले केळीचे खांब गोळा केले आणि एकावर एक रचून कमरेइतकी भिंत उभी केली. मऊ, जड, गाडी आपटली तरी पोटात घेणारी. अशी सुरक्षा टीव्हीवरसुद्धा नव्हती. फक्त आबांनी एक अट घातली, "पाहुणेसले सावली पाहिजे. तुनं कुंपण निंबखाल कर."

आता त्या सबंध शिवारात निंब एकच, आणि तो द्रौपदाबाईंच्या बांधावर. म्हणून कुंपणाच्या मागच्या खुंट्या बांधात गेल्या. रतिलालला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तो सुरक्षेच्या बाजूनं विचार करत होता. त्याची आई बांधाच्या बाजूनं विचार करत होती.

आणि त्या बांधाला इतिहास होता. द्रौपदाबाईंचे मालक लोटनभाऊ हयात असताना त्या बांधावरून बैलगाडी जायची. पुढे आबांनी ट्रॅक्टर घेतला आणि दरसाल नांगरटीला तो बांधाचा एकेक घास घेऊ लागला. आता बांधावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालली तर एकाला वावरात उतरावं लागे. विचारायला गेलं की आबा गोड हसून म्हणत, "अक्का, डायवरना हात सरकी गया." दरसाल हात सरकायचा आणि दरसाल तो एकाच दिशेला सरकायचा. आबांच्या बाजूनं तर बांध असा कोरला गेला होता की भिंतीसारखी उभी कड झाली होती. तलाठ्यापाशी, तहसिलीत सगळीकडे द्रौपदाबाई जाऊन आल्या. सगळ्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि बांध तेवढा राहिला.

"आज खुटी ठोकस, उद्या तो म्हनी, हद्द आठेच शे," त्या रतिलालला म्हणाल्या. "तुले लाल पट्टी दिनी आनि तुनाच हातवरी तुना बापना बांध कोरी लिन्हा. तुले समजत नही, माले समजस."

"माय, एक दिवसना सवाल शे!"

"एक दिवस मीबी बससू."

आणि त्या खरोखरच बसल्या. यात्रेच्या दिवशी ऊन चढायच्या आत त्यांनी बाजेवर गोधडी टाकली आणि ती बाज निंबाच्या बाजूला, बांधाच्या मधोमध नेऊन ठेवली. जिथं गाड्या वळणार, नेमक्या तिथंच. हातात काठी, शेजारी पाण्याचा तांब्या.

रतिलालनं आधी शिटी वाजवली. मग विनंती केली. मग पुन्हा शिटी वाजवली.

"सोतानी मायले शिटी वाजाडस?" भिकुबाईंचा आवाज आला.

भिकुबाईंचं वावर आबांच्या उत्तरेला. त्यांना बातमी अशी पोचली होती की सरपंच सुरक्षेच्या नावानं बांधावर खुंट्या ठोकतोय. त्या आपल्या बांधावर सतरंजी टाकून बसल्या. ते पाहून दक्षिणेचा छगन धावला, आपल्या बांधावर बसला. त्याचे भाऊबंद पश्चिमेच्या बांधावर बसले. सांगायची गोष्ट अशी, की आबांच्या ट्रॅक्टरचा हात चारही बाजूंना सरकलेला होता. तासाभरात वावराच्या चारी कडांना माणसं कुटुंबासहित, शिदोऱ्यांसहित बांध धरून बसली होती. उरलेलं गाव त्यांच्या मागे उभं राहिलं. रतिलालच्या कुंपणात मात्र कोणी पाय ठेवेना. केळीचे खांब ताजे होते आणि त्यांचा चीक टपटप गळत होता. केळीच्या चिकाचा डाग कपडा फाटला तरी जात नाही, हे त्या भागात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. नवी लुगडी नेसून यात्रेला आलेल्या बाया लांबूनच म्हणत, "नको वं माय, बठ्ठं डागायी जाई."

दुपारी फौजदार आले. कुंपणात बारा खुर्च्या रिकाम्या, एकीवर हार घातलेले यादव आबा, आणि चारी बांधांवर अख्खं गाव. त्यांनी रतिलालकडे पाहिलं.

"सुरक्षा प्रमुख, हे काय आहे?"

"साहेब, समजावतोय."

"त्या वळणावरच्या म्हातारीला आधी उठवा. कोण आहेत त्या?"

रतिलालनं दंडावरची पट्टी उगाच सारखी केली. "माझी आई."

फौजदारांनी कपाळाला हात लावला आणि ते स्वतःच बांधापाशी गेले. "आजी, प्रेक्षकांनी कुंपणात बसायचं असा हुकूम आहे. नाहीतर मी शर्यत बंद करीन."

"हुकूम प्रेक्षकले शे ना?"

"हो."

"मंग माले कायले सांगतस? मी प्रेक्षक नही. मी मना बांधवर बठनी शे." असं म्हणून द्रौपदाबाई बाजेवरच्या बाजेवर फिरल्या आणि शर्यतीच्या वावराकडे पाठ करून आपल्या वावराकडे तोंड करून बसल्या. "आते सांगा. देखस का मी काही?"

नियमात पाठमोऱ्या माणसाबद्दल काहीच नव्हतं. तेवढ्यात उत्तरेच्या बांधावर भिकुबाई फिरल्या. छगन फिरला. मग शेतातून वारं जावं तसं चारी बांधांवरचं गाव बसल्या जागी फिरलं. शर्यतीला हजार माणूस आणि हजारांच्या पाठी शर्यतीकडे. कोणी प्रेक्षकच नाही म्हटल्यावर फौजदारांना शर्यत बंदही करता येईना. "आपन दोन्ही बसू ना, साहेब," म्हणून आबांनी त्यांना हाताला धरून कुंपणात नेलं. बसता बसता फौजदारांची खाकी पँट खांबाला घासली. आबांनी ते पाहिलं, पण सांगितलं नाही.

रतिलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संताप आईचा आला, आबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. वळणावर गाडी सुटली तर पहिली बाज कोणाची, हे त्याला दिसत होतं. तो धावत बांधाशी गेला.

"माय, पाया पडस तुना. उठ. बांध गया तं गया!"

"गया तं गया? तुना बापनी हाई माती डोकावर वाही वाही हाऊ बांध घाला," द्रौपदाबाई समोर पाहतच म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "त्यानं नाव काय सातबारावर ऱ्हायनं नही. आठे ऱ्हायनं शे. तू जाय. शिटी वाजाड."

रतिलाल गेला. त्यानं शिटी वाजवली.

तिकडे जीपची पूजा चालली होती. आबांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हळदकुंकू लावलं, एक नारळ फोडला आणि दुसरा, जिंकल्यावर फोडायचा, गाडीत सीटखाली ठेवला. ड्रायव्हर मगन म्हणाला, "वहिनी, दुसरा नारय नंतर आना ना." प्रमिलाबाई म्हणाल्या, "गाडीमा ऱ्हाऊ दे. जिंकनार तं आपनच शेत!"

झेंडा पडला. तिन्ही गाड्या सुटल्या. धुळीचा लोट उठला, इंजिनं किंचाळली, आणि चारी बांधांवरच्या माना मोडायला आल्या. कोणी पगडी सारखी करायच्या निमित्तानं, कोणी खांद्यावरचं पोर पाहायच्या निमित्तानं, जो तो चोरून मागे बघत होता. फक्त द्रौपदाबाईंची मान ताठ. मागे वळलं की आपण प्रेक्षक, आणि प्रेक्षक झालं की बांध गेला, असा त्यांचा हिशेब पक्का होता.

पहिल्या फेरीत टॅक्सी बंद पडली. दुसऱ्या फेरीत फियाट ढेकळात रुतली. आता जीप एकटीच होती. मगननं गाडी हळू करून आणली असती तरी जिंकला असता, पण आबा कुंपणातून ओरडले, "पयाड, मगन! पयाड!" मगननं पळवली. वळण आलं, त्यानं ब्रेकवर पाय दिला, आणि ब्रेक खाली जाईना. तो नाचल्यासारखा पाय आपटू लागला. समोर बांध, बांधावर बाज, बाजेवर एक पाठ.

"अक्का!" मगन ओरडला. "माय!" रतिलाल ओरडला. अख्खं गाव ओरडलं. ती पाठ तसूभर हलली नाही. समोरचं माणूस हलत नाही म्हटल्यावर मगनपुढे एकच वाट उरली. त्यानं डोळे मिटून चाक वळवलं आणि जीप सरळ कुंपणात घुसली, म्हणजे सबंध वावरात जी एकच जागा सुरक्षित म्हणून जाहीर झाली होती, तिथं.

रिकाम्या खुर्च्या काडकाड मोडल्या. खांबांनी मात्र रतिलालच्या शब्दाला जागून गाडी पोटात घेतली. ती बंद पडली नाही, पण मंदावली. चिकात चाकं गरगर फिरू लागली आणि जीप खांबांचा ढीग ढकलत बोटबोट पुढे सरकू लागली. फौजदार तरुण होते, एका उडीत बांधावर गेले. आबांचं पोट आणि हार दोन्ही मोठे. त्यांच्या पाठीला बांधाची कड लागली. त्यांनी वर चढायला पाय टाकला आणि घसरले. पुन्हा टाकला, पुन्हा घसरले. कड भिंतीसारखी उभी होती. त्यांच्याच ट्रॅक्टरनं ती तशी केली होती.

"अक्का, हात दे! बांधवर येऊ दे!"

"कोना बांधवर?" द्रौपदाबाईंनी समोर पाहतच विचारलं.

"अक्का, गाडी उनी ना!"

"कोना बांध, यादव?"

"तुना! तुना बांध! लोटनभाऊना बांध!"

"आनि निंब?"

"निंबबी तुना!"

"आनि कितला कोरी लिन्हा?"

"बठ्ठा परत देस! आखी गाडीवाट देस! काठी दे, माय!"

"फौजदारसाहेब, आयकं का?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"ऐकलं, आजी, ऐकलं! काठी द्या त्यांना!"

द्रौपदाबाईंनी खांद्यावरून काठी मागे केली. आबा तिला लोंबकळत वर आले. तेवढ्यात रतिलाल धावत पोचला आणि त्यानं अजून डोळे मिटून बसलेल्या मगनपुढून जीपमध्ये हात घालून चावी बंद केली. सुरक्षा प्रमुख म्हणून दिवसभरात त्याच्या हातून झालेलं हे एवढंच काम.

धूळ बसली. फौजदार चिकाळलेली पँट झटकत म्हणाले, "प्रेक्षकांपैकी कोणी जखमी?"

"साहेब, कुंपणात तुम्ही आणि आबा सोडून कोणी नव्हतं," रतिलाल म्हणाला.

"आणि कुंपणाबाहेर?"

"बाहेर प्रेक्षक नव्हते."

फौजदारांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. मगन जीपमधून वाकून काहीतरी ओढत होता. त्यानं ब्रेकखालून एक अखंड नारळ काढला. "हाऊ व्हता," तो म्हणाला. प्रमिलाबाई लांबूनच पदराआड झाल्या.

"आन इकडे," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा बाजेवरून उठल्या. रतिलाल चटकन पुढे झाला, पण त्यांना आधाराची गरज नव्हती. त्या निंबाच्या बुंध्याशी लोटनभाऊंनी रोवलेल्या दगडापाशी गेल्या आणि एका फटक्यात नारळ फोडला. पाणी बांधावर सांडू दिलं. मग पहिला तुकडा काढून आबांपुढे धरला.

"ले, यादव. जिंकाना शे."

यादव आबांनी तो घेतला आणि तोंडात टाकून चावला. ते मात्र चारी बांधांवरच्या अख्ख्या गावानं तोंड फिरवून, उघड उघड पाहिलं.