फौजदारांना आमंत्रण

"पुरुषांच्या प्रार्थना-गटात नवीन माणसं हवीत. त्या अल्हाट फौजदारांना तू बोलाव," चर्चमधली रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर फादर म्हणाले आणि पास्कल त्रिभुवन दोन पावलं मागेच सरकला. द्वारका चौकात शिलाईचं दुकान चालवणारा पास्कल जन्माचा भित्रा. माप घेताना गिऱ्हाइकाला "हात वर करा" म्हणायचीही त्याला चोरी. आणि फौजदार कसे? नुकतेच बदलून आलेले, झुपकेदार मिशांचे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटेच बसायचे. त्यांच्या शेजारी बसायची छाती कुणाची होणार?

पास्कल त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. पुढच्या रविवारी तो थेट त्यांच्या घरापर्यंत गेला. फौजदार वळून बघायचे, तसा हा विजेच्या खांबाआड!

"आज नाही बोललात तर मीच जाते," तिसऱ्या रविवारी त्याची बायको सगुणाबाई फणकारली. "आणि जाताय तशी ही कात्री धार लावायला टाका."

त्या रविवारी पास्कल फौजदारांच्या घरासमोर घुटमळतोय, तोच दोन शिपायांनी त्याचं बखोट धरलं. पिशवीतून निघाली हातभर कात्री! झालं, वरात थेट ठाण्यात.

"तीन आठवडे माझ्या मागावर आहेस. कुणी पाठवलं?" अल्हाट गरजले.

"फा... फादरांनी."

"कात्री देऊन?"

"नाही साहेब, कात्री बायकोनं दिली."

"म्हणजे बायकोही सामील!"

आता सगुणालाही आत घालतात की काय, या धास्तीनं पास्कलला रडू कोसळलं. "तिला नका हो ओढू! गुरुवारी आमचा प्रार्थनेचा गट जमतो. तुम्हाला बोलवायचं होतं. धीर होईना, म्हणून मागं मागं फिरलो."

अल्हाटांनी शिपायांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. आता दंडुका निघणार! पास्कलनं डोळे गच्च मिटले.

"मला बोलवायला?" फौजदारांचा आवाज अगदीच उतरला होता. "इथं आल्यापासून कुणी नमस्कारसुद्धा केला नाही हो." मग आणखी हळू, "तिथं सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रार्थना म्हणावी लागते का?"

"हो साहेब. एकेकानं."

"मग राहू द्या. चोरांवर ओरडतो मी, पण चार माणसांत देवाशी बोलायचं म्हटलं की पाय लटपटतात."

"नाही कसं? यायचंच," पास्कल बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

गुरुवारी त्याच्या दारात पोलिसांची जीप थांबली. "पास्कलला नेलं रे नेलं!" म्हणत अख्खी गल्ली गोळा झाली. सगुणाबाईनं छाती पिटली. पास्कल मात्र मागच्या सीटवर बसला होता आणि इस्त्रीचा सदरा घातलेल्या फौजदारांनी त्याचा हात घट्ट धरला होता. तो हात थंडगार पडला होता.

गट जमलेल्या घरापाशी जीप थांबली. आतून गाण्याचा आवाज येत होता.

"पास्कलभाऊ, आज पोट जरा बिघडल्यासारखं वाटतंय," फौजदार पुटपुटले. "ड्रायव्हर, गाडी फिरव."

"खबरदार फिरवलीस तर!" पास्कल कडाडला. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच राहिला. "आणि तुम्ही, साहेब, मुकाट्यानं उतरा खाली!"

फौजदार मुकाट्यानं खाली उतरले.