इंजिनाच्या खोलीत दाणा नको

सुखदेवभाऊ डॉक्टरांचेसुद्धा खिसे तपासत. तुमसरच्या आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यामागे जनरेटरची खोली होती आणि ते तिथले ऑपरेटर. मी नर्सबाई. दारात आलेल्या माणसाला रामराम नाही, थेट प्रश्न, "खिशात काय हाय?" फुटाणे, शेंगदाणे, बिस्किटाचा चुरा, काहीही निघालं की माणूस परत.

"उंदराले नाक हाय जी. तुमच्यापरीस चांगलं."

दवाखान्याला लागूनच धानाची गिरणी होती. तिथले उंदीर दिवसभर जेवत आणि झोपायला जनरेटरच्या उबेत येत. एकदा त्यांनी वायरी कुरतडल्या आणि ऐन वेळी इंजिन सुरूच होईना. ते बाळंतपण मी कंदिलावर पार पाडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुतार बोलावून जनरेटरच्या खोलीच्या हवेच्या झडपांवर फळ्या ठोकून घेतल्या. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा इंजिन सुरू झालं, तापलं आणि धूर ओकून बंद पडलं.

सुखदेवभाऊंनी पहारीने फळ्या उखडल्या. डॉक्टर ओरडत होते, हे उखडत होते. "उंदीर नको म्हनून नाकच बुजवता? पेशंटचं असंच करता का?"

मग त्यांनी गिरणीतल्या जुन्या लोखंडी चाळण्या मागून आणल्या. भोकातून करंगळी जायची नाही, हवा मात्र खुशाल जाई. जाळीनेही थोडी हवा अडतेच, म्हणून ती थेट झडपेवर न ठोकता झडपेच्या दुप्पट आकाराची जाळीची पेटी करून पुढे बसवली. तिच्यावर गिरणीचा कोंडा बसे, तो रोज सकाळी ब्रशने झाडायचा. वॉर्डातल्या आया हसत, "भाऊनं इंजिनाले मच्छरदानी शिवली!"

"शिवली. तुमच्या घरी नसन तं सांगा, माप घेतो."

खरा तमाशा झाला दसऱ्याला. डॉक्टरांच्या आई, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू, यंत्रपूजेचं ताट घेऊन आल्या. दरवर्षी त्या जनरेटरला ओवाळत, अक्षता उधळत आणि नारळ-गुळाचा प्रसाद तिथेच ठेवून जात. दरवर्षी उंदीरही सहकुटुंब प्रसादाला येत. त्या वर्षी सुखदेवभाऊ दारात हात पसरून उभे राहिले.

"माय, कुंकू लावा, फूल वाहा. दाना आत जानार नाही."

"देवाचं काम अडवून राहिला का रे तू?"

"देवाले नाही अडवत. उंदराले अडवतो."

"पोराले सांगून आजच कामावरून काढायले लावते तुले!"

"काढा. हे घ्या चावी. अन् उंदरायले तुमीच समजावा, का आज उपास हाय म्हनून."

आणि इंजिनाची चावी त्यांनी खरंच ताटात ठेवली, नारळाशेजारी.

तेवढ्यात लाइट गेली. आमची प्रसूतीची खोली भर दिवसाही अंधारी, आणि आत टेबलावर एक पोर अडलेली. मी धावत मागे आले आणि म्हटलं, "भांडण नंतर करा. मला उजेड पाहिजे."

मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जाळीकडे. मग चावी उचलून भाऊंच्या हातात दिली. इंजिन एका दमात सुरू झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटल्यावर मी बाहेर आले, तर मोठ्या बाई अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या राहून लांबूनच जनरेटरला ओवाळत होत्या. नोकरीचा विषय परत कोणी काढला नाही.

संध्याकाळी बाळाचा बाप पेढे वाटत फिरला. डॉक्टर, नर्सा, आया, झाडूवाली. मी म्हटलं, "मागे एक जण राहिला." तो गेला तसाच परत आला. "त्यायनं हाकललं जी मले."

मग मीच एक पेढा घेतला, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. सुखदेवभाऊ आले. नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तेव्हा कुठे पेढा घेतला. खाल्ला मात्र नाही. तळहातावर ठेवून बघत राहिले.

"पोरगी का पोरगा?"

"पोरगी. खा ना आता. की यालाही उंदीर लागतात?"

"पयल्यांदाच भेटला जी, म्हनून पाहून राहिलो."

"भेटणार कसा? पेढेवाल्यांना तुम्हीच हाकलता."

"इंजिनापासून हाकलतो, बाई," ते म्हणाले. "झाडाखाली तं कोनी बोलावलंच नाही."