डाव्या बाजूची ट्रायल

रणजीतच्या डोक्याच्या डाव्या बाजूला केस दाट होते, उजव्या बाजूला जेमतेम होते, आणि ही तफावत त्याने स्वतः, विचारपूर्वक घडवून आणली होती.

चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो नऊ वर्षं क्वालिटीला होता. तिथे नवीन काहीही लाइनवर घ्यायचं तर आधी ट्रायल. निम्मा माल नव्या पद्धतीने, निम्मा जुन्या, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. एकतिसाव्या वर्षी हेल्मेट काढलं की डोक्यापेक्षा हेल्मेटमध्येच जास्त केस दिसू लागले, तेव्हा तो भोसरीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी लावायचं औषध दिलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पातळ झालेल्या सगळ्या जागेवर. यातला 'सगळ्या' हा शब्द रणजीतला पटला नाही. सगळीकडे लावलं आणि केस आले, तर ते औषधाने आले की पाणी बदलल्याने, हे कळायचं कसं? म्हणून डावीकडे औषध आणि उजवीकडे काही नाही, असं ठरलं.

त्याआधी त्याने कंपनीच्या पद्धतीने धोक्याचा तक्ताही केला होता. एकेक तोटा लिहायचा, तो किती गंभीर याला दहापैकी मार्क, किती वेळा घडेल याला दहापैकी मार्क, आणि दोन्हींचा गुणाकार. पन्नासच्या वर गेला की लाइन बंद. सुरुवातीला आहेत तेही केस जास्त गळतात, हे त्याने लिहिलं. डोकं कोरडं पडतं, खाजतं, कोंडा होतो. कपाळावर ओघळलं तर कपाळावर लव येते. काहींना छातीत धडधडतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे औषध थांबवलं की आलेले केस काही महिन्यांत परत जातात, म्हणजे एकदा धरलं की जन्मभर. या ओळीवर तो दोन दिवस अडून बसला. शेवटी सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस मार्क देऊन त्याने ती पास केली. अगदी तळाला 'लपवावं लागेल' असं लिहून गंभीरपणाला दोन आणि रोज घडणार म्हणून दहा, असे वीस दिले आणि वही कपाटात ठेवली.

पाच-सहा महिन्यांत डावी बाजू भरली. ते केस पाणी लावून उजवीकडे ओढले की समोरून डोकं पुरं दिसायचं. अशा पुऱ्या दिसणाऱ्या डोक्याने तो अकरावं स्थळ बघायला तळेगाव दाभाड्याला गेला आणि अकराव्या स्थळाने होकार दिला.

मुलीचं नाव तेजस्विनी. तळेगावच्याच एका औषधांच्या कारखान्यात तीही क्वालिटीला होती. तिचे वडील हिंदुराव कीर्तनवेडे. चांगलं कीर्तन असेल तर तीस किलोमीटर गाडी मारून जाणार आणि घरी आल्यावर ते अख्खं बायकोला ऐकवणार. त्यांना जावई पसंत पडला तो डोक्यामुळे नव्हे, नेमामुळे.

त्या नेमाची हकिगत अशी. साडेपाचला सुटल्यावर तेजस्विनी कंपनीच्या बसमधून रणजीतला फोन करायची, आणि सहाला पाच कमी असताना तो म्हणायचा, "ठेवू का?"

"रोज सहालाच काय असतं हो तुम्हाला?" एकदा तिने विचारलं.

हातात औषधाची बाटली होती. समोरच्या देवळातून टाळांचा आवाज येत होता. रणजीतच्या तोंडून निघून गेलं, "हरिपाठ."

तिने हे घरी सांगितलं. हिंदुरावांनी जागच्या जागी हात जोडले. "कंपनीतलं पोर, पहिली शिफ्ट करून येतं आणि सहाचा हरिपाठ चुकवत नाही! कुठं शोधून सापडला असता असा जावई?" आठ दिवसांत साखरपुड्याची तारीख ठरली. आता ते वाक्य परत घ्यायचं म्हणजे स्थळच परत द्यायचं, हे रणजीतला कळलं आणि त्याने ते वाक्य तसंच राहू दिलं.

तक्त्यात एक तोटा मात्र लिहायचा राहून गेला होता. भावकी.

साखरपुड्याला तीन आठवडे असताना कोंडीराम आजोबा गेले. चुलत आजोबा, वय एक्क्याण्णव, मुलगा नाही. रणजीतच्या वडिलांनी, भिमाजींनी अग्नी दिला. मोशीच्या त्या भावकीत दहाव्याला सगळ्या पुरुषांनी केस द्यायचे, हा रिवाज.

"आबा, आता सगळेच केस कोण देतं? नुसती कात्री लावतात," रणजीत आदल्या दिवशी म्हणाला.

"कोन न्हाई देत? आमी दिले, तुझ्या चुलत्यांनी दिले," भिमाजी म्हणाले. "त्यो म्हातारा तुला खांद्यावर बसवून कीर्तनाला न्यायचा. तवा त्याच्याच टकलाला धरून बसायचास की रं!"

"अहो, पण साखरपुडा आलाय."

"मग? केस काय जमीन हाय का, एकदा गेली की गेली? येतात परत. आन् तुझे तर चांगले दाट हायेत."

रणजीत टोपी शोधायला गेला.

सकाळी इंद्रायणीच्या घाटावर नंबर लागला. रविराज सलूनवाल्याने डोकं ओलं केलं, केस इकडचे तिकडे सरकले आणि त्याचा हात थांबला.

"भाऊ, उजवीकडचे आधीच कुणाला देऊन आलास काय?"

"हळू बोल की!"

हळू बोलणं रविराजच्या धंद्यात बसत नव्हतं. वस्तरा फिरला आणि डावी बाजू हिरवट काळी, उजवी बाजू चकचकीत, मध्ये बांध घातल्यासारखी सरळ रेघ. भावकी गोळा झाली. कोणी म्हणालं, एकाच कुशीवर झोपत असेल. कोणी म्हणालं, अर्धशिशी असेल. भिमाजींनी दोन्ही बाजूंनी नीट बघून निकाल दिला, "हेल्मेट वाकडं घालतो. किती येळा सांगितलं."

रणजीतने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि पुरुषांत जाऊन बसला. प्रवचनाला सोनबा महाराज होते. पांढरा शुभ्र फेटा, भरदार आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या थेट काळजात उतरणारं बोलणं. "ज्या देहाला आपण रोज आरसा दाखवतो," महाराज म्हणाले, "त्याला एक दिवस चार माणसं खांदा देतात. मधल्या वेळात त्यात किती गुंतायचं, तेवढंच आपल्या हातात आहे, माउली!" रणजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. दहाव्याला आलेल्या आणि शेजारीच बसलेल्या हिंदुरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जावयाचा आजोबांवर केवढा जीव, असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर पंगत बसली. तेजस्विनी आईबरोबर बायकांत होती. पहाटे चारपासून घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे रणजीतचं सकाळचं औषध चुकलं होतं. एक वेळ चुकली तर ट्रायलचा रेकॉर्ड बिघडतो, या धास्तीने तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं आणि राहिलेली वेळ भरून काढायला दुप्पट औषध डोक्यावर ओतलं. नुकत्याच वस्तरा फिरलेल्या, दोन ठिकाणी कापलेल्या डोक्यावर.

बाहेर त्याच वेळी हिंदुराव आमटी-भात कालवत म्हणत होते, "भिमाजी, पोराला वळण तुमचंच हं. सहाचा हरिपाठ एक दिवस चुकवत नाही."

भिमाजींचा घास हातातच राहिला. "कोन, आमचा रणजीत? देवळात तर रोज मी असतो. हा कुठं म्हनतो?"

"घरी म्हणत असेल."

रणजीतच्या आई छबूबाई वाढायला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरी तर सहाला दार लावून बसतो. आवाज कसलाच येत न्हाई."

"मनातल्या मनात म्हणत असेल," हिंदुराव जरा हळू आवाजात म्हणाले.

इतक्यात आतून रणजीतचा आवाज आला. मनातल्या मनातला नव्हता. सगळी पंगत उठली. रणजीत डोकं धरून जमिनीवर बसला होता. डाव्या बाजूची लाही झाली होती आणि छाती अशी धडधडत होती की शर्टाचं बटण हलत होतं. दहाव्याच्या घरात तरण्या पोराला असं बघून छबूबाईंनी हंबरडा फोडला.

तेजस्विनी पुढे आली. तिची नजर आधी खिडकीतल्या बाटलीवर गेली, मग डोक्यावरच्या रेघेवर.

"किती लावलं?"

"दोन वेळचं."

"वस्तरा फिरलेल्या डोक्याला?"

रणजीतने मान हलवली.

"काकू, बादलीभर पाणी आणा. आणि गावातल्या डॉक्टरांना कोणीतरी बोलवा."

डोकं धुतलं गेलं. डॉक्टर आले, नाडी बघितली, दाब बघितला, जखमा असताना हे डोक्याला लावायचं नसतं म्हणून झापलं आणि आडवं राहायला सांगितलं. तासाभरात छाती थाऱ्यावर आली. मग लोकांना बाटलीची आठवण झाली आणि ती हातोहात फिरू लागली. फिरत फिरत ती सोनबा महाराजांकडे आली. त्यांनी ती न वाचताच उजेडाकडे धरली.

"पाच टक्क्यांचं ना?" महाराज म्हणाले. "मग जळजळ होणारच."

 सगळे महाराजांच्या फेट्याकडे बघू लागले.

महाराज थोर मनाचे. त्यांनी लपवलं नाही. "नऊ वर्षं लावतोय," ते म्हणाले. "डोकं खाजतं, कोंडा होतो, प्रवासात बाटली सांडते. दोनदा सोडलं. दोन्ही वेळा आलेलं सगळं गेलं, परत धरलं. आसक्तीवरचं माझं निरूपण उगाच रंगत नाही, बाबांनो."

हिंदुरावांचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. ते रणजीतच्या उशाशी बसले. "मला एवढंच सांगा. सहाला हरिपाठ म्हणायचा की हे लावायचात?"

रणजीतने छताकडे बघितलं. "हे लावायचो."

"आणि हरिपाठ?"

"पाठ आहे. म्हणत नव्हतो."

हिंदुराव उठले. टोपी सारखी केली. "केस नसते तरी पोरगी दिली असती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तेजू, आईला हाक मार. निघू."

"हिंदुराव," सोनबा महाराज म्हणाले, "पोरानं निदान अर्ध्यावर तरी थांबवलं. मला तेवढंही जमलं नाही."

"थांबा दादा," तेजस्विनी वडिलांना म्हणाली आणि रणजीतकडे वळली. "मला एक कळत नाही. अर्ध्याच डोक्याला का?"

"ट्रायल होती."

"म्हणजे उजवी बाजू तुलनेसाठी तशीच ठेवली?"

"हो. नाहीतर कळणार कसं?"

तिने डोक्यावरची रेघ परत एकदा निरखली. मग म्हणाली, "रेकॉर्ड आहे?"

रणजीतने कपाटाकडे बोट दाखवलं आणि छबूबाईंनी वही काढून दिली. तेजस्विनी खाली बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. एके ठिकाणी तिने भुवई उचलली. "जन्मभरच्या बांधिलकीला सहाच मार्क?"

"पास करायचं होतं," रणजीत म्हणाला.

ती तळाच्या ओळीवर आली. 'लपवावं लागेल. दोन गुणिले दहा.' तिने पर्समधून पेन काढलं, दोनावर काट मारली, शेजारी दहा लिहिले, सही केली, तारीख टाकली. वही त्याच्यापुढे धरली.

"आता गुणाकार करा."

"शंभर."

"कंपनीचा नियम काय?"

"लाइन बंद," रणजीत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"सुतक फिटलं की साखरपुडा. डोकं जसं असेल तसं घेऊन या. आणि यापुढे संध्याकाळचा फोन मी ठेवणार, तुम्ही नाही."

हिंदुराव दारातच उभे होते. त्यांनी लेकीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि परत आत येऊन बसले. "आमटी गार झाली असेल," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. छबूबाई डोळे पुसत आमटी तापवायला गेल्या.

लाइन बंद झाल्यावर व्हायचं तेच झालं. साखरपुड्यात डोक्यावर निम्मी खुंटं होती, लग्नात जराशी बरी निम्मी, आणि पुढच्या चार महिन्यांत डावी बाजू गळत गळत उजवीच्या बरोबरीला आली. तेजस्विनीने वहीत 'दोन्ही बाजू समान, ट्रायल समाप्त' असं लिहून तीही ओळ सही करून बंद केली.

गावच्या सप्ताहात त्या वर्षी रणजीत पहिल्यांदाच टाळकऱ्यांत उभा राहिला. कीर्तन सोनबा महाराजांचं. शेवटच्या अभंगाला लय वाढली, टाळकरी पावली खेळू लागले, आणि एका उडीत रणजीतची टोपी उडून बायकांच्या बाजूला जाऊन पडली. दिव्यांच्या झगझगाटात डोकं लख्ख चमकलं. दोन्ही हातांत टाळ होते. टाळ सोडला तर ताल चुकला असता, म्हणून त्याने टोपी सोडली. तेजस्विनीने ती उचलली, झटकली आणि अभंग संपेपर्यंत मांडीवर घेऊन बसली.