परतीचं बटण

"‘परत’चं बटण आत्ताच्या आत्ता काढ," संचालक दीपकसर म्हणाले. "उद्घाटक मागे फिरून हरता कामा नये."

"काढणार नाही," स्नेहल म्हणाली.

नाशिकच्या नव्या संग्रहालयातलं दक्षिण ध्रुवाचं दालन तिनं रचलं होतं. सातपूरच्या नियाजभाईंनी द्राक्षांच्या शीतगृहासारखी खोली बांधून दिली होती. तापमान उणे दहा. आत जाणाऱ्यानं जाड कोट चढवायचा, कमरेला पट्टा बांधून बर्फावरून घसरगाडी ओढायची. दमला की समोर एक पडदा आणि दोन बटणं: ‘पुढे’ आणि ‘परत’. ‘पुढे’ दाबलं की दिवे जायचे. पडद्यावर यायचं: ‘तुकडी बर्फात संपली.’ शंभरेक वर्षांपूर्वी एक कप्तान ध्रुव दोनशे किलोमीटरच्या आत आलेला असताना मागे फिरला आणि सोबत्यांना जिवंत घेऊन आला. स्नेहलला तेवढंच सांगायचं होतं.

"आज आप्पा हरले, तर उद्या तू इथे नाहीस," सर म्हणाले.

"चालेल. बटण राहील."

पुंजाआप्पा म्हणजे पिंपळगावचे बागायतदार, दालनाचे देणगीदार. त्यांच्या हस्ते सरांनी घसरगाडीवरच नारळ फोडायचं ठरवलं.

"सर, बाहेर फोडा ना. आत मायनस दहा हे," नियाजभाई म्हणाले.

"शुभकार्य दाराबाहेर करतात का?"

नारळ फुटला. पाणी गाडीखाली ओघळलं. मग सगळे बाहेर आले आणि चाळीस मिनिटं भाषणं झाली.

आप्पांनी आत जाऊन पट्टा बांधला आणि जोर लावला. गाडी जागची हलेना. आप्पांनी पुन्हा जोर लावला. सर मागून रेटू लागले, घसरले, उठून पुन्हा रेटू लागले. नियाजभाईंनी वाकून पाहिलं. "नारळाचं पाणी. गोठून पार जाम झालंय."

पडद्यावर प्रश्न उमटला: पुढे की परत?

"पुढं दाबा!" आप्पा धापा टाकत ओरडले. "गारपिटीतबी मी कधी मागं सरलो नाय!"

"आणि मग आठ दिस अंथरुणात व्हते," म्हणत कुसाबाई शाल सावरत आत शिरल्या आणि नवऱ्याच्या अंगावरून हात लांब करून त्यांनी ‘परत’ दाबलं.

दिवे उजळले. ‘सगळे जिवंत परतले. शाबास!’ बाहेर पडद्यावर पाहणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडून त्या स्वीकारल्या.

"भाऊ," कुसाबाईंनी नियाजभाईंना विचारलं, "हे बटण घरी बसवून मिळंल का?"

सर कोटावरचा बर्फ झटकत स्नेहलजवळ आले. "ते ‘परत’ जरा मोठं करता येईल?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "आहे तेवढंच राहील."