कडक भाकरी आणि सुका कचरा

अख्ख्या मैलूरात कचरा कसा द्यायचा हे कळतं ते फक्त मला! बाकीची मंडळी केळीची साल, तुटकी चप्पल आन् कालचं वरण एकाच डब्यात कोंबतात. माझ्याकडं नियम म्हणजे नियम! ओला रोज. कागद-पुठ्ठा बुधवारी. प्लास्टिक शनिवारी. दुधाची रिकामी पिशवी मी शाम्पूनं धुतो, दोरीवर वाळवतो, घडी घालतो. एकदा इस्त्रीपण केली होती. ती इस्त्री नंतर कचऱ्यातच गेली, ते सोडा.

अशा बत्तीस पिशव्या पेपरात गुंडाळून, साबणाच्या खोक्यात भरून, सुतळीनं बांधून व्हरांड्यात ठेवल्या होत्या. शनिवारसाठी.

मंगळवारी आळंदहून सासूबाई आल्या. सावित्रम्मा. धाकटी लेक मल्लेश्वरी बेंगळूरला, आठवा महिना. तिला तिथलं काहीच गोड लागंना. एकच धोशा, "अव्वा, तुझ्या हातची कडक भाकरी पायजे!" म्हणून सासूबाईंनी आळंदलाच चार दिवस चुलीपुढं बसून पन्नास भाकरी करून आणल्या होत्या. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकते, वाजवली तर हलगीसारखी वाजते. बुधवारी संध्याकाळच्या बसनं त्या भाकरी बेंगळूरला पाठवायच्या होत्या.

बुधवारी सकाळी बघतो तर दाराशी आणखी एक साबणाचा खोका! पेपर जरा सारून बघितलं. आत पातळ, तपकिरी, कडक चकत्या. टिचकी मारली. टक्! पुठ्ठा! तोपण गोल कापलेला! माझा ऊर भरून आला. बारा वर्षांनी का होईना, बायको सुधारली!

तेवढ्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. गाडीवरच्या गुरुबाईच्या हातात मी खोका दिला आन् म्हणलं, "गुरुबाई, हे खास तुमच्यासाठी. बघा कसं बांधलंय!"

गाडी गेली. मी मिशीवरून हात फिरवत आत आलो, तर सासूबाई दारात.

"जावईबापू, हितला खोका कुठाय?"

"दिला की कचऱ्यात! मामी, तुमच्या लेकीनं पुठ्ठा काय कापलाय!"

सासूबाई मटकन खाली बसल्या. आतून माझी बायको महानंदा ओरडली, "अवो, कसला पुठ्ठा? त्या भाकरी होत्या! बसमधी मोडू नयेत म्हणून मी खोक्यात भरल्या!"

"अग, मग खोक्यावर लिहायचं न्हाई का?"

"भाकरीवर भाकरी म्हणून लिहू? पोरगी तिकडं वाट बघायलीय! निघा आधी!"

स्कूटर काढली. नेमकं त्याच दिवशी सगळ्या मैलूरातनं गाण्याचा आवाज यायला लागला. इकडं वळलो की तिकडं वाजायचं! शेवटी पाण्याच्या टाकीपाशी गाडी दिसली. सावलीत गुरुबाई आन् ड्रायव्हर बंडेप्पा मजेत बसलेले. मांडीवर खोका. तोंडात पुठ्ठा!

"या साहेब!" गुरुबाई म्हणाली, "लई ग्वाड हाय बगा. इतकी वर्सं कचरा उचलायलाव, पर आमच्यासाठी म्हणून कुणी बांधून दिलं न्हवतं. तुमच्या लेकराबाळांचं भलं होईल."

आता सांगा, कोणत्या तोंडानं मागायचं? मी घाम पुसला. आभाळाकडं बघितलं. आन् शेवटी मेहुणीचा आठवा महिना सांगून टाकला.

गुरुबाईनं हातातला तुकडा तसाच खाली ठेवला. "आगं बया! पोटुशीचं खाल्लं की वो आमी! कामून सांगितलं न्हाईस रे बंडेप्पा, थांब म्हणून?"

"मला काय ठावं? मी तर चौथी खायलो!"

खोका बांधून परत दिला. सहा भाकरी कमी. चव्वेचाळीस घेऊन मी घरी आलो, व्हरांड्यात ठेवल्या. सासूबाईंनी खोका सोडून एकेक भाकरी मोजली आन् परत बांधून ठेवली. त्याचंच जास्त लागलं. म्हणून संध्याकाळी मी ठणकावून सांगितलं, "मामी, आता कुणी हात लावायचा न्हाई! खोका मी स्वतः बसमधी ठेवून येतो!"

आलो की ठेवून! कंडक्टरला तीनदा बजावलं, आडवा ठेवू नको म्हणून.

गुरुवारी सकाळी नऊला मल्लेश्वरीचा फोन.

"दाजी, खोका पोचला."

"आवडलं का?"

"दुधाच्या पिशव्या हायत. बत्तीस. लई स्वच्छ धुतल्यात."

फोन तसाच धरून मी व्हरांड्यात पळालो. दुसरा खोकाही जागेवर नव्हता. सासूबाई झाडून घेत होत्या.

"तुमचा कचऱ्याचा खोका व्हय? त्यो मीच दिला मघाशी गाडीवाल्या बाईला. ती घ्यायलाच तयार न्हवती. म्हणलं, ने बाई, आता परत मागायला कुणी येनार न्हाई."