आहेर स्वीकारला जाईल

नळदुर्गच्या प्रोग्रामर मंडळात एकूण पाच सभासद होते आणि पाचही जण घरी बसून काम करत असल्यामुळे गावाच्या लेखी ते बेकार होते. अध्यक्ष शंभुलिंग पगार पुण्याच्या कंपनीचा घ्यायचा, पण सकाळी अकरा वाजता लुंगी नेसून ओसरीवर लॅपटॉप मांडून बसलेला दिसायचा. त्यामुळे त्याच्या वडिलांना, म्हणजे भुसार मालाचे व्यापारी धोंडप्पा यांना, लोक बाजारात बाजूला घेऊन विचारायचे, "पोराचं काय जमलं का कुठं?" धोंडप्पा म्हणायचे, "जमंल." आपल्या मुलाचा पगार दुकानाच्या कमाईपेक्षा जास्त आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तो नेमका कशाचा मिळतो हे सांगता येत नसल्यामुळे ते गप्प बसायचे.

मंडळात निखत ही सगळ्यांत हुशार आणि सध्या सगळ्यांत अडचणीत होती. तिचं घर सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून. मीटिंग सुरू झाली की नेमका एखादा ट्रक तिच्या खिडकीशी येऊन हॉर्न द्यायचा.

"साहेब म्हणले, तुम्ही ट्रकमध्ये बसून काम करता का?" निखत सांगत होती. "आता पत्रच आलंय, शंभूभाऊ. एकतीस जानेवारीपर्यंत शांत जागा आणि चांगलं नेट दाखवा, न्हायतर हैदराबादला या. अम्मीला सोडून मी कशी जाऊ?"

अम्मी म्हणजे जमिलाबी. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आणि घरात निखतशिवाय दुसरं कुणी नाही. ही नोकरी शंभुलिंगनेच निखतला लावून दिली होती, तेव्हा ते पत्र तिच्याइतकंच त्यालाही लागलं. मंडळाने गावात एक खोली भाड्याने घ्यायची आणि निखतला तिथे बसवायचं असं ठरलं. पण खोलीवाले अनामत मागत होते, टेबल-खुर्ची, इन्व्हर्टर, इंटरनेट हे सगळं वेगळंच. मग धोंडप्पांच्या शेतात हुरडा पार्टी ठेवायची, गावातल्या जाणत्या लोकांना बोलवायचं, मंडळाचं काम समजावून सांगायचं आणि देणगी गोळा करायची, असा बेत ठरला.

मंडळातल्या मल्लेशने नावनोंदणीचा सुंदर फॉर्म बनवला आणि चारशे लोकांना मोबाइलवर पाठवला. आठवड्यात तीन नावं आली. त्यातली दोन मल्लेशनेच फॉर्म चालतो का हे बघायला भरलेली होती.

"असं कोण येतंय का?" शंभुलिंगची आई महानंदा म्हणाली. "कार्ड छापा, घरोघरी जावा, कुंकू लावून आवतण द्या. न्हायतर तुमी पाचजणंच बसाल हुरडा खात."

तेव्हा शंभुलिंग गौरीशंकरच्या छापखान्यात गेला. गौरीशंकरने तीस वर्षं गावातल्या लग्नाच्या पत्रिका छापल्या होत्या आणि त्याच्याकडे सगळ्या पत्रिकांचा एकच साचा होता. वर देवाचं नाव, मध्ये मजकूर, खाली निमंत्रक म्हणून घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, आणि अगदी तळाला चौकटीत, ‘कृपया आहेर आणू नये.’

"ही ओळ काढा," शंभुलिंग म्हणाला. "आम्हाला तर पैसे पाहिजेत."

"काढली तर कार्ड बोडकं दिसतंय."

आता इथे खरं तर कुणीही शहाणा माणूस एखादं फूल छापून मोकळा झाला असता. पण शंभुलिंग बारा वर्षं प्रोग्राम लिहीत होता. जिथे ‘नाही’ लिहिलेलं आहे आणि आपल्याला उलट पाहिजे, तिथे ‘होय’ करायचं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. त्याने पेन घेतलं आणि लिहून दिलं, ‘आहेर स्वीकारला जाईल.’

गौरीशंकरने चष्मा कपाळावर चढवला. "धोंडप्पांना इचारलंय का?"

"त्यांना काय विचारायचं त्यात?"

गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं नाही हा गौरीशंकरच्या धंद्याचा नियम होता. त्याने तीनशे कार्डं छापली, धोंडप्पांचं नाव ठळक अक्षरांत घातलं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला हळूच सांगितलं की धोंडप्पांचं काही खरं दिसत नाही.

त्या भागात आहेर आणू नका असं सगळेच छापतात आणि सगळेच आणतात. छापणाऱ्याचा मान राहतो, आणणाऱ्याचाही राहतो. आहेर घेऊ असं छापलेलं कार्ड मात्र गावाने आजवर पाहिलं नव्हतं. ज्याने त्याने ते दोनदा वाचलं आणि एकच अर्थ काढला, की चांगल्या घरातला माणूस कुठेतरी फार वाईट फसलाय.

धोंडप्पांना या ओळीचा काहीच पत्ता नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की लोक हल्ली त्यांच्याशी फार प्रेमाने वागतात. अडत्याने विनाकारण चहा पाजला. देवळाच्या वर्गणीवाले दरवर्षी पहिली पावती त्यांच्या नावाने फाडायचे, ते यंदा दुकानासमोरून मान खाली घालून निघून गेले. धोंडप्पांनी हाक मारली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मालक, यंदा तुमी नका तरास घेऊ."

"मी काय मेलोय का?" धोंडप्पा घरी येऊन ओरडले. महानंदाने कार्ड पुढे केलं. ते वाचून धोंडप्पा मटकन खाली बसले. मग म्हणाले, "शंभू, तुला एवढं शिकवलं त्याचं हे केलंस व्हय?"

कार्डं वाटून झाली होती. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

रविवारी शेतात साठ माणसांचा अंदाज होता, आली सव्वादोनशे. कार्ड मिळालेले आलेच, न मिळालेलेही आले, कारण वाईट वेळेला जायचं नाही तर कधी जायचं? कुणी पाकीट आणलं, कुणी टॉवेल-टोपी, कुणी खण, आणि एकाने तर गव्हाचं पोतं मोटरसायकलवर आडवं टाकून आणलं. आगटीतला हुरडा अर्ध्या तासात संपला. शेजारच्या सोमलिंगच्या रानातली कणसं मोडून आणली, तीही संपली. शेवटी महानंदाने शेंगांची चटणी आणि भाकरीवर वेळ निभावली.

शंभुलिंगने पडद्यावर चित्रं दाखवत मंडळाचं काम समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, पण बघत होते ते धोंडप्पांकडे. एकेक जण उठून त्यांचा हात दाबायचा आणि म्हणायचा, "दिवस जात्यात, मालक." धोंडप्पांनी सुरुवातीला "अहो, माझं बरं चाललंय" असं सांगून पाहिलं, पण ते ऐकून लोकांचे डोळे आणखीच भरून यायला लागले. तेव्हा त्यांनी सांगणं सोडलं आणि महानंदाला म्हटलं, "वही काढ. आलेलं लिहून तरी ठेव."

संध्याकाळी पाकिटं फोडली तेव्हा वर्षभर खोली चालेल एवढी रक्कम निघाली. निखतने ओढणीने डोळे पुसले. मल्लेश तर शिट्टी वाजवायच्या बेतात होता.

महानंदाने वही मिटली आणि विचारलं, "हे फेडायचं कुणी?"

"फेडायचं कसलं, आई? देणगी आहे ती."

"देणगी कोण म्हणलं? तूच लिवलास की आहेर म्हणून. आता ह्या एकशे चाळीस घरांत कुणाचं लगीन, कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत. सगळीकडं जायाचं, आन् घेतल्यापेक्षा जरा चढ घालून द्यायाचं."

निखतने तिथेच लॅपटॉप उघडला, पाच मिनिटं बोटं चालवली आणि पडेल आवाजात म्हणाली, "काकी म्हणत्यात तसं केलं, तर आपण मिळवले त्यापेक्षा जास्त जातील."

"परत करून यायचं," धोंडप्पा म्हणाले. "उद्याच्या उद्या. माझं नाव घालून भीक मागितलीस, आता माझं नाव सांगूनच परत दे."

दुसऱ्या दिवशी शंभुलिंग पाकिटांची पिशवी घेऊन निघाला. एकतीस तारखेला आठ दिवस उरले होते. पहिलंच घर गौरीशंकरचं.

"आहेर परत आणलास?" गौरीशंकर ओट्यावरून उठून उभा राहिला. "मी काय वाळीत पडलोय का रे? का तुमच्याशी आमची सोयरीक तुटली?"

दुसऱ्या घरात बाई रडायला लागली. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने, माझ्याकडून काही चुकलं असेल तर सांग, म्हणून शंभुलिंगचे हात धरले. दुपारपर्यंत बारा घरं झाली, पिशवीतलं एकही पाकीट कमी झालं नाही आणि बारा घरांशी संबंध मात्र बिघडले. ठेवलं तर घरी तोंड दाखवता येत नव्हतं, दिलं तर गावात. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्याला फक्त निखतचा चेहरा दिसत होता.

तेरावं घर रुद्रम्माचं. किल्ल्याच्या बाजूच्या बोळात, जिथे रिक्षासुद्धा शिरत नाही, अशा जागी. रुद्रम्माचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वहीत तिच्या नावापुढे एकावन्न रुपये होते.

"बा तम्मा, बस," ती म्हणाली. कानडी मुलखातून आलेली रुद्रम्मा अजूनही सगळ्यांना धाकटा भाऊच म्हणायची. पाकीट बघून ती रागावली नाही. तिने ते हाताने हळूच मागे सारलं. "आसं दारात देत न्हाईत. माझ्या घरी कार्य निघंल, तवा घेऊन ये."

"कधी आहे कार्य, आज्जी?"

"तेच बघत बसलेय की तीस वर्षं," रुद्रम्मा म्हणाली आणि हसली.

शंभुलिंगला फार लाज वाटली. गावातल्या प्रत्येक लग्नात ही बाई पुढे येऊन आहेर करते हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं, पण तो परत फेडायला तिच्या दारी कधी कुणाला यावंच लागलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बसल्या बसल्या त्याला जाणवलं की इथे आपल्याला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतोय.

"आज्जी, ती मागची खोली कुणाची?"

"कुणाची आसणार? माझीच. चुलीसाठी शेण्या भरून ठेवल्यात."

तासाभरात निखत आली. खोलीत उभी राहून तिने मोबाइलवर नेट तपासलं, मग डोळे मिटून नुसतं ऐकलं. बाहेर एक चिमणी तेवढी बोलत होती.

"भाडं किती घ्याल, आज्जी?" तिने विचारलं.

"भाडं घेतलं तर दुकान झालं. लाइटचं बिल भरा. पण माझ्या घरात पोरगी कायमची बसाया येणार, तर आशी मुकाट्यानं न्हाय यायाची. कार्य करून यायाचं."

धोंडप्पांना हे आणि सकाळच्या बारा घरांचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "त्या पैशातून टेबल-खुर्ची आन् नेट घ्या. पण वही तुमच्या पाचांच्या गळ्यात. एक लगीन चुकवायचं न्हाय." त्या दिवशी निखतने वहीचा प्रोग्राम बनवला. कुणाकडे कधी काय निघालं की पाचही जणांच्या मोबाइलवर निरोप यायचा.

तीस तारखेला रुद्रम्माकडे खोलीत प्रवेश ठरला. महानंदा स्वतः कुंकू घेऊन घरोघर फिरली. यावेळी काहीही छापलं नाही. तरी झाडून सगळं गाव आलं, कारण गावातल्या प्रत्येक घरावर रुद्रम्माचा आहेर होता. कुणी पोरीच्या लग्नातला, कुणी पोराच्या जावळातला, कुणी तर बापाच्या लग्नातला फेडायला आला. रुद्रम्मा नवी साडी नेसून दारात बसली होती आणि तिच्यापुढे लुगडी, भांडी आणि पाकिटांचा ढीग लागला होता. "आज्जी, फिटलं बरं का," असं म्हणत लोक वाकत होते. गर्दीत एकजण धोंडप्पांना म्हणाला, "तुमच्या शंभूनं चांगलं काम काढलं," आणि धोंडप्पांना पहिल्यांदाच उत्तर द्यायला शब्द सापडले. "तेच करतंय त्ये दिवसभर," ते म्हणाले.

एकतीसला निखतने नव्या खोलीतून पहिली मीटिंग घेतली. साहेब खूश झाले. आनंदाने ती बाहेर आली तर रुद्रम्मा ओसरीवर ढिगाशेजारी गालाला हात लावून बसली होती.

"काय झालं, आज्जी?" तिथेच बसलेल्या शंभुलिंगने विचारलं. "एवढं सगळं आलं, आणि असं का बसलात?"

"आलं की," रुद्रम्मा म्हणाली. "सगळ्यांनी फेडून टाकलं, तम्मा. काल झोपताना मोजत होते. आता गावात माझं कुणाकडंच काय राहिलं न्हाय."

निखत शंभुलिंगकडे बघत राहिली. कालच्या गडबडीत रुद्रम्माला द्यायचं खिशातच राहून गेलेलं पाकीट काढायला त्याचा हात निम्म्यावर गेला होता. तो तसाच थांबला. हात खिशातून रिकामाच बाहेर काढून तो म्हणाला, "आमच्या घरचं राहिलंय की, आज्जी. एकावन्न रुपये."

रुद्रम्माने मान वर केली. "राहिलंय व्हय?"

"राहिलंय. वहीत लिहिलेलं आहे."

"मग राहू दे की," रुद्रम्मा पदर सावरत उठली. "काय घाई हाय? बसा, च्या टाकते."