ठकूआत्याचा ‘बू’

एका जंगलात, बाळांनो, ठकूआत्या नावाची कासवीण राहत होती. नीट मांडी घालून बसा. ती सावकाश चालायची, म्हणून गोष्टही सावकाशच चालायची.

नदीकाठी तिच्या भावाला मुलगी झाली. पौर्णिमेला संध्याकाळी बारसं ठरलं. आता आत्याच नसली, तर बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? म्हणून ठकूआत्या महिनाभर आधीच निघाली. काय बरं नाव ठेवावं, असा विचार करत चालली होती. त्या विचारात खड्ड्यात पडली.

पडल्या पडल्या ओरडली, “बू!”

कासवांच्या भाषेत ‘बू’ म्हणजे ‘वर काढा’.

पहिला आला कोल्हा. तो त्या जंगलातला भाषापंडित. सगळे त्याला कोल्हेबुवा म्हणत.

“काय म्हणालात?” त्यानं वाकून विचारलं.

“बू.”

“म्हणजे?”

“मला वर काढा हो, बुवा. बारशाला जायचंय.”

“हे आमच्या भाषेत झालं,” कोल्हेबुवा म्हणाले. “हाक तुम्ही ‘बू’ अशी मारलीत. तिचा अर्थ सर्वांना मान्य झाल्याशिवाय मदत करता येत नाही. नियम आहे.”

नियम खराच होता. मागे एकदा खार ‘बू’ म्हणाली आणि आग लागली समजून सगळे पाणी घेऊन धावले. बिचारी नुसती शिंकली होती. भिजून मात्र आजारी पडली.

मग बुवांनी खड्ड्याच्या काठावर समिती बसवली.

माकड म्हणालं, “आमच्यात बू म्हणजे ‘ही फांदी माझी’.”

“आमच्यात ‘जवळ या, पण बेतानं’,” साळिंदर म्हणालं.

मोराच्या भाषेत निघाला ‘वन्स मोअर’. बेडूक काही अर्थ सांगेना. लाजून म्हणाला, “बायकांसमोर नको.”

“अहो, पण मी खड्ड्यात आहे, हे दिसतंय ना?” ठकूआत्यानं खालून विचारलं.

“आत्याबाई, दिसतंय ते वेगळं आणि ठरलंय ते वेगळं,” साळिंदर म्हणालं.

“बरं, ठरवा. पण पौर्णिमेच्या आत ठरवा हं. पोर बिननावाची राहील.”

दिवस गेले. रोज नवा सभासद यायचा, रोज नवा अर्थ सांगायचा. मधल्या वेळात समिती बोरं खायची. चार-दोन बोरं घरंगळून खाली पडायची, त्यावर ठकूआत्या दिवस काढायची.

पौर्णिमा उजाडली. एकच सभासद राहिला होता, तो म्हणजे हत्ती. मोठ्या मानानं त्याला काठावर बसवलं.

“आमच्यात बू म्हणजे...” हत्ती म्हणाला, आणि काठ ढासळला.

सगळी समिती खड्ड्यात! ठकूआत्यानं मान आत ओढली. जरा वेळानं बाहेर काढून बघते तर काय, हत्ती बूच मारल्यासारखा मधोमध रुतलेला आणि बाकीच्यांच्या शेपट्या त्याच्याखाली. बेडकाला शेपटी नाही, त्याचा पाय अडकला होता.

ठकूआत्या मातीच्या ढिगावर चढली. ढिगावरून हत्तीच्या पाठीवर, पाठीवरून डोक्यावर, डोक्यावरून काठावर. “लागत नाही ना रे, बाबा?” असं पावलोपावली विचारत.

मागून सगळे एका सुरात ओरडले, “बू!”

“कळलं, कळलं,” ठकूआत्या म्हणाली. “बारसं उरकते आणि मंडळींना घेऊन येते.”

दिवेलागणीला ती नदीकाठी पोचली. पाळणा सजला होता. बायकांनी ‘कुर्रऽऽ’ केलं. ठकूआत्या बाळाच्या कानाशी वाकली. पण नाव तर सुचलंच नव्हतं. डोक्यात एकच शब्द घुमत होता. तिनं तोच सांगितला.

“अहो वन्सं, बू?” भावजय म्हणाली. “हे कसलं नाव?”

“सगळ्या भाषांत चालतं गं. मी चौकशी केलीये.”

मग भाऊ म्हणाला, जेवून जा. ठकूआत्या जेवायला बसली. कासवांचं जेवण ते. अजून वरणभातच चाललाय.

रोज संध्याकाळी जंगलातून हाक येते, “बूऽऽ!” त्यात हत्तीचा आवाज मोठा, थेट नदीपर्यंत पोचतो.

काठावर खेळणारी एक चिमुकली कासवी मान वर करते. “ओ!” म्हणते. आणि पुन्हा वाळूत खेळायला लागते.

तात्पर्य : समितीला नावं ठेवू नयेत. सभासद पुरेसे वजनदार असले, तर खड्ड्यातला वर येतोच.